मोडलेल्या पायाची भरपाई कशी ठरते? रंगकाम करणाऱ्या कारागिराच्या पत्नीला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुमचे मिस्टर ३४ वर्षांचे आहेत, इमारतींच्या रंगकामाला जातात आणि तुम्ही नाशिकला सिडकोत राहता. पाच महिन्यांपूर्वी पाथर्डी फाट्याजवळच्या सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूने आलेल्या पिकअपने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. उजव्या नडगीची दोन्ही हाडे मोडली, जखम उघडी होती, म्हणून आधी बाहेरून सळया लावल्या आणि नंतर आत रॉड टाकला. खर्च २ लाख ४० हजारांच्या घरात गेला. कामाचे दिवसाला ७५० रुपये, महिन्याला साधारण १८ हजार, पण हातात पगाराची चिठ्ठी नाही. आता विमा कंपनीच्या वतीने म्हणून एक गृहस्थ घरी येतात आणि २ लाखांत मिटवून टाका म्हणतात. घ्यावेत का, आणि पाय मोडल्याचे मुळात मिळतात किती, असे तुम्ही विचारले आहे.

बावीस वर्षे नाशिकच्या मोटार अपघात दावे न्यायाधिकरणापुढे जखमींच्या बाजूने उभा राहतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. आज कशावरही सही करू नका. आणि रकमेचा विचार करायच्या आधी अपघाताची तारीख बघा.

मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. तुमचे पाच महिने गेले. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे आणि केवळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर आपला दावा कशाला ठेवायचा? मुदतीत दाखल केलात तर हा वादच उरत नाही. "अजून अपंगत्वाचा दाखला मिळाला नाही, मग अर्ज कसा करायचा?" म्हणून लोक थांबतात आणि तिथेच फसतात. अर्ज करायला दाखला लागत नाही, तो नंतर पुराव्याच्या वेळी देता येतो. मागणीची रक्कमही नंतर दुरुस्त करता येते, आणि पुरावा तसा असेल तर न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकते. अपघात कुठेही झालेला असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात अर्ज चालतो, म्हणजे तुम्हाला नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयापलीकडे कुठे जायचे नाही.

पोलिसांचे कामही विचारून घ्या. नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तो गेला आहे का हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, प्रत मागा. गेला असला तरी स्वतःचा अर्ज वेगळा दाखल करा. अहवालात तुमच्या घरातल्या गोष्टी नसतात.

आता त्या २ लाखांविषयी. कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये देय आहेत, आणि हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. म्हणजे समोरच्याची चूक काढायच्या आधीच कायद्याने जी रक्कम ठरवून ठेवली, त्याहून ५० हजार कमी रकमेत तुमचा संपूर्ण हक्क सोडून द्या असे तुम्हाला सांगितले जात आहे. तुमच्याकडे तर समोरच्याच्या चुकीचा पुरावाही भक्कम दिसतो. पिकअप उलट्या बाजूने आली होती, ते घटनास्थळाच्या पंचनाम्यात यायला हवे. पंचनामा वाचून बघा.

पण दोनाचे अडीच करून मिटवा असेही मी म्हणत नाही. "पाय मोडला की अमुक लाख" असा दर कुठेही ठरलेला नाही. भरपाई हाडाची होत नाही. त्या पायावर जे काम चालत होते, त्याचे किती नुकसान झाले याची होते. जखमींचे बहुतेक दावे हरत नाहीत, ते छोटे होतात. आणि छोटे होण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. पाय किती मोडला हे दाखवले जाते, काम किती मोडले हे कोणी दाखवतच नाही.

हिशेब कसा होतो ते तुमच्याच आकड्यांवर सांगतो. महिन्याचे १८ हजार धरले तर ४० वर्षांखालच्या स्वतंत्र कामगाराला पुढच्या काळातल्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात हे ठरवले आणि २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात ते जखमींनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे महिना २५,२००, वर्षाला ३,०२,४००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. ३१ ते ३५ वयाला गुणक १६ आहे, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून येतो. गुणाकार होतो ४८,३८,४००. माणूस हयात असल्यामुळे मृत्यूच्या दाव्यासारखी स्वतःच्या खर्चाची वजावट यातून होत नाही.

मात्र ही रक्कम मिळणारी नव्हे. कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली असती तर हा आकडा लागू झाला असता. जितके टक्के गेली, तितकाच हिस्सा मिळतो. म्हणजे तुमच्या प्रकरणात एक टक्का म्हणजे ४८,३८४ रुपये. दहा टक्के धरले तर ४,८३,८४०, पंचवीस धरले तर १२,०९,६००. सगळी लढाई या टक्क्याची असते, ताई. उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील ज्या एका आकड्यावर सगळा जोर लावतात, तो हाच.

हा टक्का डॉक्टरांच्या दाखल्यात लिहिलेला नसतो. दाखल्यात असते ते पायाचे अपंगत्व. एका पायाचे ३० टक्के म्हणजे सगळ्या शरीराचे त्याहून बरेच कमी. आणि शरीराचे अमुक टक्के म्हणजे कमाईचेही तितकेच, असेही नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या नीट वेगळ्या करून सांगितल्या. तो दावाही डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडलेल्या माणसाचा होता, हाताचेही एक हाड मोडले होते. दाखला पायाच्या ४५ टक्क्यांचा होता. तो चीज विकायचा. न्यायालयाने बघितले की त्याचे काम अडखळेल, पण बंद पडणार नाही, आणि कमाईचे नुकसान २० टक्के धरले. ४५ चे २० झाले. जखमींच्या बाजूचे बरेच जण हा निकाल आपल्या विरोधातला समजतात. मला तो तसा वाटत नाही. त्याच तत्त्वाने उलटेही होते. काम पायावरच उभे असेल, तर कमाईचे नुकसान दाखल्यातल्या आकड्याहून जास्त धरता येते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक फरशी बसवणारा कारागीर आला होता. मांडीचे हाड गुडघ्याजवळ मोडलेले, गुडघा काटकोनाच्या पुढे वाकत नव्हता. पायाचे अपंगत्व ३० टक्के. साक्ष चालू असताना समोरच्या वकिलांनी विचारले, "आज कोर्टात स्वतः चालत आलात ना?" तो म्हणाला, हो. "जिना चढलात?" हो. "दोन्ही हात ठीक आहेत?" हो. "फरशी हातानेच बसवतात ना?" याने पुन्हा हो म्हटले. खरे बोलणारा माणूस होता तो. ऐकणाऱ्याला वाटावे की याचे काहीच गेलेले नाही. पण आम्ही त्याच्या ठेकेदाराला साक्षीदार म्हणून ठेवले होते. उभ्याने फरशी बसवता येते का, असे विचारल्यावर तो काही बोलला नाही. पिंजऱ्याच्या बाजूला सरकला, उकिडवा बसला, हातात थापी असल्यासारखा हात धरला आणि तसाच दोन पावले मागे सरकला. "साहेब, दिवसभर आम्ही असे मागे सरकत जातो. ज्याला बसता येत नाही, त्याला मी कामाला घेऊ शकत नाही." न्यायाधीशांनी ते पाहिले, टिपून घेतले. कमाईचे नुकसान दाखल्यातल्या आकड्याच्या पुढे धरले गेले.

तुमच्या मिस्टरांबाबतीतही मुद्दा हाच येणार. विमा कंपनी म्हणेल, रंग हाताने मारतात, पायाचा काय संबंध? हे उत्तर आतापासून तयार करा. बाहेरची भिंत परांचीवर किंवा झुल्यावर उभे राहून रंगवतात. आतले छत शिडीवर किंवा घोडीवर चढून. लांबी (पुट्टी) भरायची, मग पॉलिशपेपरने घासायचे, तेव्हा खालच्या दोन फुटांसाठी उकिडवे बसावे लागते. वीस लिटरची बादली घेऊन जिने चढावे लागतात. शिडीच्या गोल पायरीवर तळपायाच्या मध्यावर तोल धरायचा असतो, आणि नडगी मोडल्यावर घोटा आखडला असेल तर नेमका तोच तोल जातो. परांचीवर ज्याचा तोल जातो, त्याला कोणताही शहाणा ठेकेदार वर चढवणार नाही. खाली उभे राहून दरवाजाला प्रायमर मारायचे काम मिळेल, पण ते रोज नसते आणि त्याची मजुरीही कमी. हे सगळे मिस्टरांच्या सरतपासणीच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या साक्षीच्या, शपथपत्रात याच तपशिलाने यायला हवे. "मला काम करता येत नाही" एवढे एक वाक्य लिहिलेले शपथपत्र मी खूप बघितले आहे, त्याला किंमत राहत नाही. आणि खोटेही लिहू नका. थोडेफार काम सुरू केले असेल तर ते सांगा. पूर्वी काय करत होतो, आता काय जमते, यातला फरक हाच तुमचा पुरावा आहे.

अपंगत्वाचा दाखला घाईने काढू नका. नडगीचा साधा मोडही जुळायला चार-सहा महिने घेते. जखम उघडी होती, म्हणजे जास्त लागू शकतात, जंतुसंसर्गाची भीती राहते, कधी हाड जुळतच नाही आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. आत्ताच दाखला काढला तर तो "तात्पुरता" होईल किंवा कमी-जास्त निघेल, आणि दोन्हीचा फायदा समोरच्याला मिळेल. हाड जुळून, व्यायाम करून पाय जितका सुधारायचा तितका सुधारला की मग तपासणी करा. दाखल्यात फक्त टक्के नकोत. पाय किती सेंटिमीटर आखूड झाला, घोटा आणि गुडघा किती अंश वाकतो, पोटरी किती बारीक झाली, ही मोजमापे लिहून घ्या. टक्क्यावर वाद घालता येतो, मोजपट्टीवर घालणे अवघड असते. शक्यतो ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांची साक्ष घ्या, आणि रॉड काढायला पुढे किती खर्च येईल हे त्यांच्याकडून लेखी घ्या, तो खर्चही मागता येतो. डॉक्टर कोर्टात यायला नाखूश असतात, त्यांचा दवाखाना खोळंबतो हे मी समजू शकतो. पण त्यांची साक्ष कमिशनवर, म्हणजे न्यायाधिकरणाने नेमलेल्या माणसामार्फत, त्यांच्याच दवाखान्यात घेता येते, असे त्याच राजकुमार निकालात सांगितले आहे. वकिलाने तशी विनंती करायची असते.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे चांगले दावे बुडालेले मी पाहिले आहेत. अपघाताच्या दिवशी दवाखान्यातल्या पहिल्या केसपेपरवर काय लिहिले आहे ते बघा. जखमीला रिक्षावाला किंवा रस्त्यावरचा कोणी घेऊन आलेला असतो, विचारल्यावर तो म्हणतो "गाडीवरून पडला", आणि कागदावर लिहिले जाते "बाइक स्लिप". माझ्याकडे आलेल्या एका तरुण जखमीच्या दाव्यात याच दोन शब्दांवर चार वर्षे भांडावे लागले, धडक देणारा ट्रक पोलिसांनी पकडलेला असूनसुद्धा. तुमच्या कागदावर असे काही असेल तर लपवू नका, वकिलाला पहिल्याच दिवशी दाखवा. जखमीला घेऊन आलेला माणूस शोधून त्याची साक्ष ठेवता येते.

कमाईचा पुरावा कसा द्यायचा, हा तुमच्यासारख्या घरांचा नेहमीचा पेच. पगाराची चिठ्ठी नाही म्हणजे पुरावा नाही, असे नसते. ठेकेदाराची हजेरीची वही असेल, तिच्या पानांचे फोटो काढून ठेवा. गुगल पे, फोनपेवर मजुरी आली असेल तर बँकेतून मागच्या दोन वर्षांचे स्टेटमेंट काढा. रंगाच्या दुकानदाराकडे मिस्टरांच्या नावाची उधारी असेल, ज्या सोसायटीत काम केले तिची पावती असेल, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी असेल, भिशीची वही असेल, सगळे गोळा करा. काहीच दिले नाही तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपास काहीतरी धरते, आणि वर दाखवलेला गुणाकार त्या कमी आकड्यावर होतो.

बाकीच्या रकमा थोडक्यात. उपचाराचा खर्च पावत्यांप्रमाणे मिळतो, म्हणून औषधांच्या दुकानातली छोटी बिलेही जपा. थर्मल कागदावरची शाई उडते, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा. घरी बसून गेलेल्या महिन्यांची मजुरी पूर्ण मिळते. सहा महिने धरले तर १ लाख ८ हजार. येण्याजाण्याचा खर्च, पौष्टिक आहार, वेदना, आणि पूर्वीसारखे जगता येत नाही याचीही रक्कम धरली जाते. ताई, तुम्ही पाच महिने त्यांना उठवले, बसवले, संडासला नेले, त्यासाठी स्वतःची कामे सोडली असतील. घरच्या माणसाने केलेल्या सेवेलाही मोल असते, ते अर्जात मागायचे असते. मेडिक्लेम असेल आणि त्यातून बिल मिळाले असेल तरी ती रक्कम भरपाईतून वजा होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये ठरवले आहे. मिस्टरांच्या स्वतःच्या दुचाकीच्या पॉलिसीतल्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणाची मात्र आशा धरू नका. ते मृत्यू, हात-पाय किंवा डोळा गमावणे आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांसाठी आहे, हाड मोडण्यासाठी नाही.

समोरून आक्षेप येतील. हेल्मेट नव्हते म्हणतील. डोक्याला मार असता तर त्याला काही अर्थ होता, नडगीचा आणि हेल्मेटचा संबंध नाही. मिस्टरांकडे लायसन्स नव्हते म्हणतील. केवळ लायसन्स नसणे म्हणजे अपघातात चूक असणे नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. पिकअपच्या चालकाकडे फक्त हलक्या मोटारीचे लायसन्स होते, म्हणून विमा कंपनी जबाबदार नाही, असेही सांगितले जाईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले आहे की साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन त्या लायसन्सवर चालवता येते. या तिन्ही गोष्टींनी कोणालाही तुम्हाला घाबरवू देऊ नका.

तडजोड करूच नका, असे मी कोणालाही सांगत नाही. राष्ट्रीय लोकअदालतीत मी स्वतः अनेक दावे मिटवले आहेत. घरात कमावता माणूस बसलेला असताना लवकर हातात आलेल्या पैशाची किंमत मला कळते. पण लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून तडजोड करायची ती हाड जुळल्यावर, दाखला हातात आल्यावर, टक्का डोळ्यांसमोर असताना. तोपर्यंत उपचाराला पैसे कमी पडत असतील तर तसे वकिलाला सांगा. आणि वकिलाविषयी एक: भरपाईतून टक्केवारी घेऊन दावा चालवणे आम्हा वकिलांना नियमाने मना आहे. कोणी दवाखान्यात येऊन टक्क्यांत बोलत असेल, कोऱ्या कागदावर सह्या मागत असेल, तर त्याला घराबाहेरचा रस्ता दाखवा. फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तुमच्या उत्पन्नाच्या घराला तिथे विनामूल्य वकील मिळू शकतो.

सोमवारी एफआयआर, पंचनामा, पहिला केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, बिले, आधार आणि पासबुक एका पिशवीत घालून वकिलाकडे जा. मिस्टरांचा जुना मोबाइलही सोबत न्या. कामाच्या जागी कोणीतरी फोटो काढलेलेच असतात, परांचीवर उभे असलेले, हातात रोलर घेतलेले, मागे अर्धी रंगवलेली भिंत. ते फोटो आजच दुसऱ्या फोनमध्ये उतरवून ठेवा आणि मूळ फोनमधून एकही पुसू नका.